आचार्य धर्मानंद कोसंबी

अंधेरीहून चर्चगेटकडे जाणाऱ्या गाडीस लागणारें पहिलें स्थानक म्हणजे विलेपार्लें. आमच्या शाळेंतील पुष्कळ मुलें रोज त्या स्थानकावरून ये-जा करितात. इ. स. १९३० च्या एप्रिल महिन्यांत मिठाच्या सत्याग्रहासाठीं तेथें स्वयंसेवकांची मोठी छावणी पडली होती. जमनालाल बजाज, किशोरलाल मश्रूवाला इत्यादि मंडळींनीं ती चालू केली. आणि हीं पहिलीं माणसें तुरुंगांत गेल्यावर छावणीची जबाबदारी एकामागून एक दुसऱ्यांनीं आपल्या शिरावर घेतली. ती घेणारांत एक त्रेपन्न वर्षांचे गृहस्थ होते. त्यांनीं एके काळीं सिंहलद्वीपांत बौद्ध भिक्षूंचीं पिवळीं वस्त्रें धारण केलीं होतीं. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत कित्येक वर्षें पाली ग्रंथांचें संशोधन केलें होतें. आणि त्या सालच्या आरंभापर्यंत ते रशियांत लेनिनग्राड येथें होते. तेथून परत आल्यावर शिरोड्याच्या मिठागरांवरील सत्याग्रहांत त्यांनीं भाग घेतला, मुंबईच्या गिरणगांवांत कामगारांमध्यें प्रचार केला, आणि मग पार्ल्याच्या छावणीचा भार उचलला. यथाकाल सरकारनें त्यांस पकडून ठाण्याच्या तुरुंगांत टाकिलें. या गृहस्थांचें नांव धर्मानंद दामोदर कोसंबी.

ज्यानें संसार सोडून मठाचा आश्रय केला त्यानें मिठाच्या कायद्याची उठाठेव कां करावी, अशी शंका कोणासही येईल. तिचें उत्तर त्यांच्या आयुष्याच्या हकीकतींतच शोधिलें पाहिजे. आणि तें उत्तर सर्वस्वीं समाधानकारक आहे असें मी म्हणणार नाहीं.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजीं गोव्यांतील साखवाळ या गांवीं झाला. घरची स्थिति बेताची. नारळीच्या बागेवर कुटुंबाचा निर्वाह चाले. मुलगा प्रकृतीनें अशक्त असल्यामुळें त्याचें शालेय शिक्षण थोडक्यांतच आटोपलें, व बागाइतीची देखरेख हेंच त्याचें काम ठरलें. वयाच्या पंधराव्या वर्षीं, म्हणजे १८९१ सालीं, त्या काळच्या रीतीप्रमाणें लग्नही झालें. पत्नीचें नांव बाळाबाई. त्या चिखलीच्या लाड घराण्यांतील. नारळ मोजावे, पाण्याचे पाट पाहावे, आणि उरल्या वेळांत मिळेल तें मराठी पुस्तक वाचावें असा या तरुणाचा क्रम होता. विद्येची तहान फार, आणि ती भागविण्याचें साधन गांवांत कांहींच नाहीं; त्यामुळें मन नेहमीं उदास असे. तुकारामाचे अभंग वाचून त्यास कांहीं धीर येई.

अशा स्थितींत १८९७ सालीं त्याच्या हातीं एक लहानसें मासिक पडलें. त्याचें नांव ‘बालबोधमेवा’. मुलांसाठीं निघणारें हें मराठी मासिक अमेरिकन मराठी मिशनच्या लोकांनीं चालविलेलें होतें. त्यांत गौतम बुद्धाचें एक छोटेसें चरित्र आलें होतें, आणि तें वाचून या माडांच्या राखणदाराच्या मनानें असा ठाव घेतला कीं पुढील पन्नास वर्षांत तो सुटला नाहीं. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या मासिकानें महाराष्ट्रास बौद्ध धर्माचा पहिला मोठा आधुनिक पंडित मिळवून द्यावा ही गोष्ट कांहीं आमच्या मंडळींस चमत्कारिक वाटते. मला तींत वाईट वाटण्यासारखें कांहीं दिसत नाहीं. मुलांच्या हातीं जें छापील पान आपण देतों तें कोठें जाऊन रुजेल हें आपल्या हातीं नसतें. तें प्रामाणिकपणें लिहिलें होतें एवढें मात्र यावरून सिद्ध होतें. शाळेच्या मासिकासाठीं मजकूर जमवितांना या गोष्टीची मला पुष्कळदां आठवण होते.

बुद्धाचा धर्म मुळांतून समजून घ्यावा, त्यासाठीं आधीं संस्कृत शिकावें, आणि त्यासाठीं गोवा सोडावा, असा निश्चय त्यांच्या मनांत हळूहळू पक्का होत गेला. १८९८ सालीं वडील वारले. १८९९ मध्यें पहिली मुलगी झाली. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, मुलगी कांहीं महिन्यांची असतां, धर्मानंदांनीं घर सोडलें. बुद्धानें राहुलाच्या जन्मानंतर गृहत्याग केल्याची कथा सर्वांस ठाऊक आहे. साखवाळच्या या तरुणाच्या मनांत ती असलीच पाहिजे. परंतु कथेंतील यशोधरेस राजवाडा होता, बाळाबाईंस नव्हता. नवरा कोठें आहे, जिवंत आहे कीं नाहीं, परत येणार कीं नाहीं, यांपैकीं कशाचीही खात्री नसतां एका तान्ह्या मुलीस घेऊन त्यांनीं सुमारें सात वर्षें काढलीं. धर्मानंदांच्या चरित्राविषयीं लिहिणारे बहुतेक लोक हें एका वाक्यांत उरकतात. आमच्या पवित्र शास्त्रांतही पेत्र जाळीं टाकून निघाला, आणि त्याच्या घरीं सासू होती, एवढें सांगितलें आहे. मागें त्या घराचें कसें चाललें तें सांगितलेलें नाहीं. थोर पुरुषांच्या त्यागाची किंमत पुष्कळदां असल्या न लिहिलेल्या घरांनीं भरलेली असते.

पुण्यास येऊन त्यांनीं डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची गांठ घेतली. प्रार्थनासमाजाच्या मंडळींचा परिचय झाला. पण पुण्यांत निर्वाह होईना, म्हणून ग्वाल्हेरमार्गें ते काशीस गेले. काशींत अन्नछत्रांत जेवावें आणि शास्त्र्यांच्या पायांशीं बसून व्याकरण घोकावें असा गरीब विद्यार्थ्यांचा जुना मार्ग होता, तोच त्यांनीं धरिला. अर्धपोटीं राहून, थंडीवाऱ्याचे हाल सोसून त्यांनीं संस्कृताचा पाया घातला. १९०२ च्या आरंभीं, बौद्ध धर्म जिवंत असलेला प्रदेश म्हणून, ते नेपाळांत काठमांडूस गेले. तेथील बौद्ध धर्माची अवस्था पाहून त्यांची पार निराशा झाली. ज्याच्यासाठीं घरदार सोडलें तें या स्वरूपांत पाहावयास मिळावें याचें दुःख किती झालें असेल! दुसरा कोणी असता तर येथूनच गोव्यास परतता. धर्मानंद बुद्धगयेस गेले. शिकावयाचें असेल तर सिंहलद्वीपास जावें असें त्यांस तेथें कळलें, आणि कलकत्त्याच्या महाबोधि सभेच्या साहाय्यानें त्याच वर्षीं ते कोलंबोस पोंचले.

कोलंबोचें विद्योदय परिवेण हें त्या काळीं पाली विद्येचें मोठें पीठ होतें. सुमंगल महास्थविर या वृद्ध व विद्वान भिक्षूंनीं १८७३ सालीं तें स्थापिलें होतें. त्यांच्या हाताखालीं धर्मानंदांनीं प्रव्रज्या घेतली आणि श्रामणेर होऊन पालीचा अभ्यास आरंभिला. काशींत वर्षानुवर्षें घोकलेलें संस्कृत आतां उपयोगी पडलें, व थोड्याच महिन्यांत ते त्रिपिटकांतील ग्रंथ वाचूं लागले.

भिक्षूचें जीवन म्हणजे काय हें येथें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. नाहीं तर पुढील गोष्टींचा अर्थ लागणार नाहीं. भिक्षूच्या मालकीच्या वस्तु आठ: तीन चीवरें, भिक्षापात्र, कमरपट्टा, वस्तरा, सुई आणि पाणी गाळण्याचें फडकें. मध्यान्हानंतर त्यानें अन्न घ्यावयाचें नाहीं. सोन्यारुप्यास हात लावावयाचा नाहीं. जमीन खणावयाची नाहीं. म्हणजे शेती करून पोट भरण्याचाही मार्ग बंद. वरवर पाहतां हे नियम भिक्षूस जगापासून तोडण्यासाठीं केलेले दिसतात. नीट विचार करितां उलटेंच ध्यानांत येतें. ज्यास उद्यांचें अन्न सांठवितां येत नाहीं, तो रोज सकाळीं लोकांच्या दारीं गेलाच पाहिजे. कोणत्याही भिक्षूस चार दिवस जगाचें तोंड न पाहतां राहतां येऊं नये अशीच ही व्यवस्था आहे. लोकांनीं अन्न द्यावें, भिक्षूनें धर्म द्यावा, आणि लोकांची श्रद्धा उडाली तर पात्र रिकामें राहावें!

याचा पुरावा पाहण्यासाठीं कोलंबोस जाण्याचें कारण नाहीं. बोरिवलीच्या डोंगरांतील कान्हेरीचीं लेणीं पुष्कळ विद्यार्थ्यांनीं सहलीच्या निमित्तानें पाहिलीं आहेत. शंभराहून अधिक लेणीं, दगडांत खोदलेले निजण्याचे ओटे, पावसाचें पाणी सांठविण्याच्या टांक्या, हें सर्व पाहून आपण म्हणतों कीं हे लोक जगास कंटाळून रानांत राहिले. पण तेथील शिलालेख वाचणारे विद्वान सांगतात कीं या लेण्यांचा खर्च कल्याण, सोपारा इत्यादि ठिकाणच्या व्यापाऱ्यांनीं, सोनारांनीं, गृहस्थांनीं व त्यांच्या बायकांनीं केला. भिक्षूंच्या चीवरांसाठीं रकमा कायम ठेवून त्यांच्या व्याजाची व्यवस्था केली. सोपाऱ्याचें बंदर चालत होतें म्हणून कान्हेरीचा संघ चालला. व्यापाराचे मार्ग बदलले, दाते नाहींसे झाले, आणि लेणीं ओस पडलीं. अर्थात् संघास जगाची गरज होती. जगासही संघाची गरज वाटत होती तोंवरच तो टिकला.

सिंहलद्वीपांतील अन्न धर्मानंदांस मानवेना. १९०३ सालीं ते मद्रासेस आले व तेथून ब्रह्मदेशांत गेले. तेथें त्यांनीं ब्रह्मी लिपींतील पाली ग्रंथांचा अभ्यास केला व ध्यानाची साधना केली. मध्यंतरीं हिंदुस्थानांत येऊन बुद्धाच्या चरित्राशीं संबंध असलेल्या स्थानांची यात्रा केली. या वर्षांत ते पूर्णार्थानें भिक्षु होते. आणि मग १९०६ सालीं, कलकत्त्यास असतां, त्यांनीं तीं पिवळीं वस्त्रें उतरून ठेविलीं.

हा त्यांच्या आयुष्यांतील दुसरा मोठा त्याग. आणि माझ्या मतें पहिल्याहून अधिक विचाराचा. बौद्ध संघांत चीवर उतरणें हें पाप मानीत नाहींत. संघांत राहून नियम मोडण्यापेक्षां उघडपणें सांगून बाहेर पडावें अशीच विनयाची आज्ञा आहे, आणि ब्रह्मदेशांत तर कांहीं काळ भिक्षु होऊन पुन्हां घरीं येण्याचा सार्वत्रिक प्रघात आहे. तरी सात वर्षांच्या हालअपेष्टांनीं जें मिळविलें तें ठेवून देणें सोपें नव्हे. परंतु कोसंबींनीं एक गोष्ट ओळखिली होती. सिंहलद्वीपांत भिक्षूस अन्न देणारी जनता होती. महाराष्ट्रांत बुद्धाचें नांवही लोक विसरले होते. येथें भिक्षूनें पात्र घेऊन दारीं उभें राहिलें तर त्यास कोणी ओळखणार नाहीं. आपल्या लोकांस बुद्ध सांगावयाचा तर शिक्षक होऊनच सांगितला पाहिजे, आणि शिक्षकास पगार घ्यावा लागतो. त्यांनीं कलकत्त्याच्या राष्ट्रीय महाविद्यालयांत पाली शिकविण्याचें काम पतकरिलें. पुढें कलकत्ता विद्यापीठांतही तें विषयाचे अध्यापक झाले. मग ते गोव्यास जाऊन पत्नीस भेटले. ज्या मुलीस तान्ही टाकून गेले होते तिला आतां सातवें वर्ष लागलें होतें. ३१ जुलै १९०७ रोजीं त्यांस मुलगा झाला; त्याचें नांव आजोबांवरून दामोदर ठेविलें. हेच पुढें गणिती व इतिहाससंशोधक म्हणून जगप्रसिद्ध झालेले प्रा. दा. ध. कोसंबी.

कलकत्त्यांत सर आशुतोष मुकर्जींसारख्यांचा पाठिंबा होता व वेतन वाढण्याची आशा होती. पण मन महाराष्ट्रांत ओढ घेत होतें. इतक्यांत बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनीं त्यांस सांगितलें कीं महाराष्ट्रांत कोठेंही राहून अभ्यास करा, बडोदें संस्थानासाठीं वर्षास एक ग्रंथ लिहा, आणि दरमहा ५० रुपये घ्या. कोसंबींनीं कलकत्त्याची नोकरी सोडून हे पन्नास रुपये घेतले. व्यवहारी लोकांस हा वेडेपणा वाटला असेल. ज्यानें चार वर्षें रुपयास हात लावला नव्हता त्यास पन्नास पुष्कळ वाटले. एवढें विनयाचें शिक्षण चीवर उतरल्यावरही त्यांच्या अंगीं राहिलें होतें.

यानंतरची पंचवीस वर्षें केवळ सनावळीनें सांगितलीं तरी वाचकास धाप लागेल. पुण्यास हार्वर्डचे प्रा. जेम्स वुड्स यांची ओळख झाली, आणि त्यांच्या निमंत्रणावरून १९१० सालीं कोसंबी अमेरिकेस गेले. काम होतें ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाची शुद्ध प्रत तयार करण्याचें. बुद्धघोषाचार्यांनीं पांचव्या शतकांत सिंहलद्वीपांत रचिलेला हा ग्रंथ म्हणजे शील, समाधि व प्रज्ञा यांचा महाकोशच होय. हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन पंडितानें त्याचें संपादन आरंभिलें होतें, पण १८९९ सालीं तो वारला. तें काम कोसंबींनीं जवळजवळ तडीस नेलें. मात्र ग्रंथाच्या मुखपृष्ठावर कोणाचें नांव कसें यावें यावरून प्रा. लॅनमन यांच्याशीं मतभेद झाला, आणि नमतें न घेतां ते १९१२ सालीं स्वदेशीं परतले. मीपणा हा भ्रम आहे असें शिकविणाऱ्या ग्रंथाचें संपादन करितांना संपादकांच्या नांवावरून तंटा व्हावा हा दैवाचा विनोद खरा! पण मला येथें कोसंबींचाच पक्ष न्याय्य वाटतो. हिंदी पंडितानें श्रम करावे आणि त्याचें श्रेय दुसरीकडे जावें हें त्या काळीं इतकें सामान्य होतें कीं कोणीतरी नाहीं म्हणणें अवश्य होतें.

१९१२ ते १९१८ हीं सहा वर्षें ते फर्गसन कॉलेजांत पालीचे अध्यापक होते. मराठी देशांत पालीचें शिक्षण रुजलें तें मुख्यतः येथून. प्रा. पु. वि. बापट, प्रा. ना. के. भागवत असे त्यांचे विद्यार्थी पुढें त्या विषयाचे आधारस्तंभ झाले. विद्यापीठांतील एखादा विषय म्हणजे शेवटीं चारदोन माणसांचें आयुष्य असतें. १९१८ सालीं ते पुन्हां हार्वर्डला गेले. या खेपेस मोठी मुलगी व मुलगा यांस बरोबर नेलें. बाळाबाई मात्र याही वेळीं मागेंच राहिल्या. १९२२ पासून तीन वर्षें गांधीजींच्या गुजरात विद्यापीठांत पुरातत्त्व मंदिरांत त्यांनीं काम केलें. तेथें पंडित सुखलालजी, मुनि जिनविजयजी यांसारख्या जैन विद्वानांचा सहवास घडला व पार्श्वनाथाच्या चातुर्याम धर्माचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला. १९२४ सालीं ‘निवेदन’ हें त्यांचें आत्मचरित्र निघालें. मराठींत इतक्या निरलंकार भाषेंत लिहिलेलीं आत्मचरित्रें थोडीं आहेत. विद्यार्थ्यांनीं तें अवश्य वाचावें. त्यांत स्वतःची बढाई कोठें सांपडणार नाहीं.

ग्रंथांविषयीं सांगावयाचें तर ‘बुद्ध, धर्म आणि संघ’, ‘बुद्धलीलासारसंग्रह’, ‘समाधिमार्ग’, ‘बौद्धसंघाचा परिचय’ अशीं त्यांचीं पुस्तकें एकामागून एक निघालीं. पण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे १९४० च्या सुमारास दोन भागांत निघालेला ‘भगवान बुद्ध’. म्हातारा, रोगी, प्रेत व संन्यासी पाहून सिद्धार्थ मध्यरात्रीं गुपचूप निघून गेला ही कथा आपण लहानपणापासून ऐकतों. कोसंबींनीं जुने पाली उतारे पुढें ठेवून म्हटलें कीं सर्वांत प्राचीन आधारांत ही कथा नाहीं. एका सुत्तांत तर आईबाप रडत असतां त्यांच्या समक्ष बुद्धानें घर सोडल्याचें सांगितलें आहे. चोरून जाण्याचा प्रश्नच नाहीं. मग कारण काय? शाक्य व कोलिय या शेजारच्या दोन कुळांत रोहिणी नदीच्या पाण्यावरून वारंवार तंटे होत. पाण्यांतील मासे आटतांना जसे तडफडतात तशीं माणसें परस्परांवर शस्त्रें उगारून तडफडतांना पाहून त्या तरुण क्षत्रियास वैराग्य झालें, असा ‘अत्तदण्ड’ सुत्ताचा अर्थ लावून त्यांनीं आपलें मत मांडिलें. पुढें ‘बोधिसत्त्व’ हें नाटकही त्यांनीं याच विषयावर लिहिलें.

या मताचा अर्थ फार दूरवर पोंचतो. मृत्यूच्या भीतीनें जो घर सोडतो तो स्वतःपुरता मोक्ष शोधितो. पाण्याच्या तंट्यामुळें जो घर सोडतो तो तंटा मिटविण्याचा उपाय शोधण्यासाठीं जातो, आणि तो उपाय घेऊन त्यास त्याच लोकांत परत यावें लागतें. बुद्धाचा गृहत्याग हा जगापासून पळणें नसून जगाच्या दुखण्याची चिकित्सा होती, असें कोसंबींचें म्हणणें. सर्व पंडितांस तें पटलें नाहीं. परंतु डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा बुद्ध व त्याच्या धम्माविषयींचा ग्रंथ १९५७ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांतही चार दृश्यांची कथा बाजूस सारून रोहिणीच्या पाण्याचा तंटाच गृहत्यागाचें कारण म्हणून घेतला आहे. कोसंबींस स्वतःचें घर सोडतांना कोणत्या तंट्याचें दुःख होतें हें मात्र कोणी विचारूं नये. ते ज्ञानाच्या भुकेनें निघाले. पाण्याचे तंटे त्यांस पुढें दिसले.

आणि दिसल्यावर त्यांनीं डोळे मिटले नाहींत, हें खरें. म्हणूनच १९३० सालीं विलेपार्ल्याच्या छावणींत त्यांचें असणें हा अपघात नव्हे. रशियांतील समाजव्यवस्था पाहून समाजवादाविषयीं त्यांस सहानुभूति वाटत होती. पण हिंसेनें आणलेली समता टिकणार नाहीं असें त्यांचें मत होतें. अहिंसेस बुद्धीची जोड नसेल तर तीही निरुपयोगी होते, असा विचार त्यांनीं १९३५ सालच्या ‘हिंदी संस्कृति आणि अहिंसा’ या ग्रंथांत मांडिला. पुराणांवर व ब्राह्मणी परंपरेवर त्यांत इतकी सडेतोड टीका आहे कीं पुष्कळांस ती झोंबली. पुढें प्राचीन काळच्या श्रमणांच्या मांसाहाराविषयीं लिहिल्यामुळें जैन समाजाचाही रोष त्यांनीं ओढवून घेतला. तरी जें आधारास धरून लिहिलें तें मागें घेतलें नाहीं.

१९३१-३२ मध्यें हार्वर्डला चौथी व शेवटची खेप करून त्यांनीं विसुद्धिमग्गाचें काम पुरें केलें. कांहीं काळ काशींत घालविल्यावर ते मुंबईस आले, आणि १९३७ सालीं परळच्या गिरणीकामगारांच्या वस्तींत ‘बहुजन विहार’ उभा राहिला. पैसे जुगलकिशोर बिर्लांनीं दिले. राहून काम करण्याचें कोसंबींनीं पतकरिलें. येथें कान्हेरीची आठवण होते. तेथेंही धन व्यापाऱ्याचें आणि उपदेश भिक्षूचा. फरक इतकाच कीं हा विहार डोंगरांत नसून गिरण्यांच्या भोंग्यांच्या आवाजांत होता, आणि येणारे श्रोते बहुतेक अस्पृश्य मानिलेल्या जातींतील कामकरी होते. हार्वर्डच्या ग्रंथालयांत बसलेल्या पंडितानें साठाव्या वर्षीं चाळींतील लोकांस पंचशील समजावून सांगावें, यांत मला त्यांचें भिक्षुत्व त्या पिवळ्या वस्त्रांच्या वर्षांपेक्षांही अधिक दिसतें.

विहार वसल्यानंतर एकोणीस वर्षांनीं, १९५६ च्या ऑक्टोबरांत, नागपुरास लक्षावधि लोकांनीं बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. तें पाहावयास कोसंबी नव्हते.

त्यांचा शेवट सांगणें मला जड जातें, पण टाळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. उतारवयांत व्याधींनीं शरीर जर्जर झालें. ज्या देहाकडून सेवा होत नाहीं, उलट ज्याची सेवा इतरांस करावी लागते, तो अन्नत्यागानें सोडावा, असा जैन संलेखनेच्या धर्तीचा विचार त्यांच्या मनानें घेतला. १९४६ मध्यें संयुक्त प्रांतांत दोहरीघाट येथें त्यांनीं उपोषण आरंभिलें. गांधीजींच्या आग्रहामुळें तें सोडलें. पुढें ते सेवाग्रामच्या आश्रमांत येऊन राहिले. तेथें पुन्हां अन्न वर्ज्य केलें, आणि ४ जून १९४७ रोजीं त्यांचें देहावसान झालें. हिंदुस्थान स्वतंत्र होण्यास अडीच महिनेही उरले नव्हते. दुसऱ्या दिवशीं दिल्लीच्या प्रार्थनासभेंत गांधीजींनीं त्यांचें स्मरण केलें.

आम्हां ख्रिस्ती लोकांस हा मार्ग मान्य होणार नाहीं. प्राण हा देवाचा ठेवा आहे, तो केव्हां परत करावयाचा हें ठरविणें आपलें काम नव्हे. पण ही गोष्ट बाजूस ठेविली तरी मला एक कोडें पडतें. देहदंडाच्या उपासांनीं कांहीं साधत नाहीं असें पाहून बुद्धानें अन्न घेतलें, हें कोसंबींनींच मराठी वाचकांस कितीदां तरी सांगितलें होतें. मग अखेरीस ते बुद्धाची वाट सोडून पार्श्वनाथाच्या वाटेनें कां गेले? शिवाय दुसऱ्यास भार होऊं नये ही त्यांची इच्छा उदात्त असली तरी तींत थोडी चूकही आहे असें मला वाटतें. भिक्षापात्र घेऊन दारीं उभा राहणारा मनुष्य दुसऱ्यावर भार घालीतच असतो, आणि त्या भारानेंच देणाराचें कल्याण होतें असें त्यांचा संघ मानीत आला आहे. अशक्त म्हाताऱ्याची शुश्रूषा हेंही एक दानच नव्हे काय? सेवाग्रामच्या माणसांनीं तें आनंदानें दिलें असतें.

अखेरच्या दिवसांतही त्यांचें लक्ष पालीच्या अभ्यासाकडे होतें. हिंदी विद्यार्थ्यांनीं सिंहलद्वीपांत जाऊन ती विद्या शिकावी अशी त्यांची इच्छा होती. आपल्या अंत्यविधीस कमींत कमी खर्च करावा असेंही त्यांनीं सांगून ठेविलें होतें. पार्श्वनाथाच्या चातुर्याम धर्मावरील त्यांचें पुस्तक १९४९ सालीं प्रसिद्ध झालें. विसुद्धिमग्गाची नागरी लिपींतील प्रत मुंबईच्या भारतीय विद्या भवनानें १९४० सालींच काढिली होती. रोमन लिपींतील हार्वर्डची प्रत मात्र छापून निघावयास १९५० साल उजाडलें. वॉरनला जाऊन तेव्हां एकावन्न वर्षें झालीं होतीं, कोसंबींस तीन. मुखपृष्ठावर दोघांचींही नांवें आहेत.